झाडं झकास, लेबलं भकास! सोलापूर रोडची नर्सरी, ५ पैकी साडेतीन

हडपसर सोडून सोलापूर रोडनं उरुळी कांचनकडे निघालं की रस्त्याच्या कडेला नर्सऱ्यांची रांगच लागते, त्यातली ही एक. नाव देत नाहीये कारण खाली थोडं कौतुक आहे आणि थोडी तक्रार पण आहे, आणि खरं सांगायचं तर हे त्या पट्ट्यातल्या बऱ्याच नर्सऱ्यांना लागू पडेल. फळझाडं, गुलाब, लॉन वगैरे सगळीकडे असतं तसंच इथे आहे, त्यावर लिहित बसत नाही. मी लिहितेय ते त्यांच्या मागच्या शेडनेटबद्दल, जिथे सगळी चितकबऱ्या पानांची झाडं ठेवलीयेत आणि वर पाटी लावलीये 'व्हेरिगेटेड सेक्शन'.

तर पहिला मुद्दा हाच की हा सेक्शन म्हणजे सगळ्यांची खिचडी आहे. पान हिरवं सोडून दुसरं काहीही दिसलं की ते इथे आणून ठेवायचं आणि साध्या रोपापेक्षा दुप्पट-तिप्पट भाव लावायचा. पण पानावर रंग येण्याची कारणं किती वेगवेगळी असतात! एखादं झाड जन्मजातच तसं असतं, एखाद्याच्या पेशींत मध्येच बदल झालेला असतो, एखाद्याच्या पानात नुसती हवा असते, एखादं चक्क आजारी असतं, आणि एखाद्याला फक्त लोह मिळत नसतं. तुम्ही पैसे मोजताय तो रंग टिकणार का, कटिंग लावलं तर त्यात उतरणार का, आणि शेजारच्या कुंडीला काही लागण होणार का, हे सगळं त्या कारणावर ठरतं. आणि लेबलवर काय लिहिलंय? 'इंडोअर, लो मेंटेनन्स'. बास.

आता कौतुक. तिथे एक वयस्कर माळी आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. माणूस शाळेत किती शिकलाय माहीत नाही पण पानाकडे बघून जे सांगतो ते ऐकण्यासारखं असतं. मी व्हेरिगेटेड मॉन्स्टेरा बघत होते, अल्बो, पांढऱ्याशुभ्र पट्ट्यांचं. एका रोपाला एक पान अर्धं पांढरं अर्धं हिरवं, अगदी मधोमध पट्टी मारून रंगवल्यासारखं, मी साहजिकच तेच उचललं. मामा म्हणाले, "ताई, पान बघू नका, दांडा बघा." आणि खरंच, खोड फिरवून दाखवलं तर त्यावर पांढरी रेघ खालच्या पेरापर्यंत आली होती आणि तिथेच संपली होती, वर सगळं हिरवं. म्हणजे ते देखणं पान आलं ते आलं, पुढची सगळी हिरवीच येणार. शेजारचं दुसरं रोप दिसायला साधं होतं, पानावर नुसते शिंतोडे, पण खोडावर पांढऱ्या आणि हिरव्या बारीक रेघा शेंड्यापर्यंत गेलेल्या आणि वरचा डोळा बरोबर त्या रेघांवर. मी ते घेतलं.

यामागचं गणित असं आहे की झाडाच्या शेंड्याला वाढणाऱ्या पेशी थराथरानं असतात. सगळ्यात बाहेरच्या थरापासून पानाची वरची कातडी होते, त्याच्या आतल्या थरापासून पानाची कड आणि गराचा बराचसा भाग, आणि अजून आतल्या थरापासून मधला भाग. यातल्या एकाच थरातल्या पेशींत हरितद्रव्य बनवायची क्षमता गेली आणि बाकीचे थर धडधाकट राहिले की एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी सुखानं नांदायला लागतात. यातला दुसरा थर बिघडला तर पांढरी कड आणि हिरवं पोट. मॉन्स्टेरा अल्बोमध्ये असे सलग नीट थर नसतात, ठिगळं ठिगळं असतात, म्हणून प्रत्येक पान वेगळं येतं आणि म्हणूनच ते बेभरवशाचं. कधी सगळं हिरवं येतं, कधी सगळं पांढरं. पांढरं पान फोटोत भारी दिसतं पण त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही, ते हिरव्या पानांच्या जिवावर बसून खातं आणि बरेचदा सगळ्यात आधी तेच करपतं.

त्याच रांगेत थाई कॉन्स्टेलेशन पण आहे, मलईच्या रंगाचे ठिपके असलेलं. ते मुळात थायलंडच्या टिश्यू कल्चर लॅबमधून, म्हणजे बाटलीत पेशींपासून रोपं वाढवतात तिथून आलेलं, त्यात ठिपके सगळ्या झाडभर पसरलेले असतात आणि अल्बोसारखी गडबड फारशी करत नाही. टिश्यू कल्चरनं ढिगानं बनतं म्हणून भावही उतरलाय. ज्यांना टेन्शन नको त्यांनी डोळे मिटून हे घ्यावं. पण नर्सरीवाल्यांनी दोन्ही एकाच किमतीला लावलेत आणि दोन्हीवर लेबल एकच, 'मॉन्स्टेरा व्हेरी.' अहो, निदान नाव तरी पूर्ण लिहा!

भावाचं म्हणाल तर लॉकडाऊनमध्ये जगभर जे वेड लागलं होतं ते आता बरंच ओसरलंय. २०२१ मध्ये न्यूझीलंडमध्ये ऑनलाइन लिलावात राफिडोफोरा नावाच्या शोभेच्या वेलाचं एक चितकबरं, नऊ पानांचं रोप १९ हजार न्यूझीलंड डॉलरच्या वर गेलं होतं, आपले नऊ-दहा लाख रुपये. त्या मानानं इथले भाव माणसात आहेत. घासाघीस होते, पण वीकेंडला नाही.

आता स्नेक प्लांट. पिवळ्या कडेचा, ज्याला लॉरेंटी म्हणतात. इथे दोन क्रेट शेजारी शेजारी होते, एकात पिवळ्या कडेची रोपं, दुसऱ्यात तशीच पण साधी हिरवी, आणि हिरवी निम्म्या किमतीत. मी विचारलं ही वेगळी जात का, तर मामा हसले आणि म्हणाले, "एकाच आईची हायेत. पान कापून लावलं की कड जाती, गड्डा फोडून लावला की राहती." अगदी बरोबर! पानाचा तुकडा मातीत खोचला की नवीन कोंब आतल्या हिरव्या पेशींतून फुटतो, कडेच्या पिवळ्या थराचा त्यात पत्ताच नसतो. म्हणून पिवळी कड हवी असेल तर जमिनीखालच्या गड्ड्यासकट वेगळं काढूनच लावायचं. आणि नर्सरीनं ती हिरवी रोपं हिरवी म्हणूनच विकायला ठेवली होती, 'लॉरेंटी बेबी' म्हणून गळ्यात नाही मारली. प्रामाणिकपणाचा अर्धा स्टार यासाठी.

अजून एक गोष्ट आवडली. गुलाबी पानांचा फिलोडेंड्रॉन विचारला होता, तो 'पिंक काँगो' नावानं मिळायचा तो. मामांनी ठेवतच नाही म्हणून सांगितलं. तो गुलाबी रंग झाडाचा नसतोच, केमिकल ट्रीटमेंट देऊन आणलेला असतो आणि काही महिन्यांत नवीन पानं मुकाट्यानं हिरवी यायला लागतात. 'पिंक प्रिन्सेस' वेगळा, त्याचा गुलाबी रंग पेशींतल्या बदलाचा आहे, टिकतो, पण अल्बोसारखाच लहरी. तो होता, दोनच रोपं, दोन्हीची खोडं बघितली तर गुलाबी रेघ जेमतेम, मी सोडून दिला.

ज्यांना हा लहरीपणा नको त्यांच्यासाठी कॅलेथिया, कॅलेडियम, फिटोनिया, मरांटा वगैरे मंडळी. यांच्या पानावरची नक्षी जनुकांतच लिहिलेली असते, सगळ्या पेशी सारख्याच, फक्त कुठे हरितद्रव्य किती आणि कुठे लाल रंग किती हे ठरलेलं. म्हणून प्रत्येक पानावर डिझाइन तेच, पैठणीच्या काठासारखं पुन्हा पुन्हा. गड्डा फोडा नाहीतर कटिंग लावा, जसं जमेल तसं, नक्षी जात नाही. इथला कॅलेथियाचा माल चांगला होता, पानांच्या कडा करपलेल्या नव्हत्या, जे मार्च-एप्रिलमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत विशेषच म्हणायचं. ॲग्लोनेमा तर विचारू नका, लाल, गुलाबी, भरपूर. यातला बराच माल आंध्रातल्या कडियमहून येतो असं काउंटरवरच कळलं, आणि ते पटण्यासारखं आहे, गोदावरीच्या काठचं ते गाव नर्सऱ्यांसाठी प्रसिद्धच आहे. फक्त तिकडच्या दमट हवेतून थेट आपल्या गच्चीत आणलं की पहिले काही दिवस झाड रुसतं, तेव्हा आल्या आल्या कुंडी बदलू नका.

चंदेरी पानांची गंमत तर अजून वेगळी. पायलिया, म्हणजे ॲल्युमिनियम प्लांट, आणि तो सॅटिन पोथॉस. चंदेरी ठिपका म्हणजे तिथे रंग उडालाय असं वाटतं, पण तसं नाहीये. पानाची वरची कातडी आणि खालचा हिरवा थर यांच्यात तिथे हवेची बारीकशी पोकळी असते, उजेड तिच्यावरून उलटा फिरतो आणि आपल्याला चांदी दिसते. खाली हिरवं शाबूत असतं, त्यामुळे अशी झाडं पांढऱ्या चट्ट्याच्या झाडांसारखी हळू वाढत नाहीत. सॅटिन पोथॉस इथे स्वस्त आणि दणकट मिळाला, नवशिक्यांनी मनी प्लांटच्या पुढची पायरी म्हणून बिनधास्त घ्यावा.

क्रोटॉन मात्र यांनी वाया घालवलेत. शेडनेटच्या अगदी आत कोपऱ्यात कोंबलेत, त्यामुळे सगळे हिरवट आणि मरगळलेले. क्रोटॉनला कडक उजेड मिळाला की पिवळा, केशरी, लाल असं सगळं वर येतं, सावलीत तो हिरवाच राहतो. हे त्यांना माहीत नसेल असं नाही, जागा नाही हे खरं कारण. मी विचारल्यावर म्हणाले घरी उन्हात ठेवा, नवीन पानं रंगतील. रंगतातही. पण गिऱ्हाईक जे बघतं तेच घेतं ना, मग तिथे पन्नास रुपयात पण कोणी हात लावत नव्हतं.

आता तक्रारी. नीट वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात.

जास्वंदीच्या रांगेत 'गोल्डन जास्वंद' म्हणून काही रोपं होती, साध्यापेक्षा ऐंशी रुपये जास्त. लांबून खरंच छान दिसत होती, पिवळी पानं आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी. जवळ जाऊन बघितलं तर पिवळेपणा फक्त शेंड्याच्या नव्या पानांवर, खालची जुनी पानं गडद हिरवी. ही कुठली जातबीत नाही, ही लोहाची कमतरता! लोह झाडात एकदा जुन्या पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून नवीन पानं उपाशी राहतात. मॅग्नेशियम कमी पडलं तर उलटं, ते जुन्या पानांतून काढून नव्यांना दिलं जातं म्हणून आधी खालची पानं शिरांमधून पिवळी पडतात. आणि नत्र कमी पडलं तर खालची पानं शिरांसकट सगळीच फिकट. इकडच्या बोअरचं पाणी जड, चुन्याचं, माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मी काउंटरवर सांगितलं तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, इम्पोर्टेड व्हरायटी आहे." मामांकडे बघितलं तर ते पाण्याच्या पाइपाकडे बघत होते.

खरी व्हेरिगेटेड जास्वंद असते, कूपरी म्हणतात, अरुंद पानं, पांढरे-गुलाबी-हिरवे चट्टे, आणि चट्टे शिरांना विचारून येत नाहीत, कुठेही सुरू होतात कुठेही संपतात, कड एकदम स्पष्ट. तीच खूण धरा. रंग शिरांच्या हिशेबानं चाललाय आणि पानाच्या वयाप्रमाणे बदलतोय तर समजा झाडाचं पोट बिघडलंय. घरच्या जास्वंदीला असं झालं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह मिळतं, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ईडीटीए वालं आपल्या चुनखडीच्या मातीत फारसं टिकत नाही. तेही याच नर्सरीत मिळतं बरं का, 'गोल्डन जास्वंदी'च्या समोरच्याच फळीवर!

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. पुढे ऑफरच्या टेबलावर डिफेनबाकिया होता, पानावर शिरांच्या कडेनं पिसासारखी फिकट नक्षी, पानं जराशी आक्रसलेली, वेडीवाकडी. डिफेनबाकियाचं पान मुळातच पांढऱ्या ठिपक्यांचं असल्यामुळे कुणाला चटकन कळणार नाही, पण ही पिसं म्हणजे मोझॅक व्हायरसचं लक्षण. हाच रोग अळूलाही होतो, मावा पसरवतो, कापायच्या सुरीनं पण जातो, आणि यावर औषध नाही, झाड काढून टाकणं एवढंच. आणि त्या टेबलाच्या खाली काय ठेवलं होतं, तर काळ्या पिशव्यांत अळूचे कंद! ज्यांच्या घरी अळवाची फदफदी आठवड्याला होते त्यांनी विचार करा.

व्हायरसमुळे पान सुंदर दिसू शकतं हे खोटं नाही. ॲब्युटिलॉन या शोभेच्या झुडपाची पिवळ्या ठिपक्यांची एक जात १९व्या शतकापासून हौसेनं लावतात, ती नक्षी व्हायरसचीच, साध्या हिरव्या झाडाशी तिचं कलम बांधलं की तेही ठिपक्यांचं होतं. हॉलंडमध्ये १६३७ साली ज्या ट्युलिपचा बाजार कोसळला त्यातल्या महागड्या पट्टेदार फुलांचे पट्टेही व्हायरसचे. पण आपल्याकडे हा शौक परवडत नाही, बाजूला शेती आहे. भेंडीचा केवडा रोग कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, शिरा पिवळ्याधमक, मग पान पिवळं, मग भेंडीच पिवळी, बाजारात कोणी विचारत नाही. पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी क्रांती' ही भेंडी काढली ती याच केवड्याला तोंड द्यायला. तेव्हा पिवळ्या शिरांचं कुठलंही रोप 'रेअर' म्हणून आणताना आधी पान उलटं करून पांढरी माशी बघा.

पान उलटं करायची सवय लावाच. एका सुंदर बारीक ठिपक्यांच्या कॅलेडियमचं पान मी मामांना दाखवलं, त्यांनी बिलबुकाचा कोरा कागद पानाखाली धरून दोन टिचक्या मारल्या आणि कागदावर तांबडे टाचणीच्या टोकाएवढे कण पडले, आणि ते चालायला लागले. लाल कोळी. पानातला रस शोषलेला तो प्रत्येक बारीक पांढरा ठिपका. मामांनी तो सगळा क्रेट तिथल्या तिथे मागे न्यायला लावला, हे बघून बरं वाटलं. लिंबाच्या रोपांवर पांढरी नागमोडी रांगोळी होती ती नागअळीची, ती पानाच्या आत बोगदा करत जाते, ते काही फार मोठं संकट नाही, खराब पानं तोडली की झालं. आणि काही पानांवर नुसतेच जड पाण्याचे पांढरे डाग असतात, ओलं बोट फिरवलं की निघतात, त्यांनाही मी एका काकूंना 'व्हेरिगेशन' म्हणताना ऐकलंय.

त्याच दिवशी एक गृहस्थ केसर आंब्याचं कलम परत द्यायला आले होते, पानं लाल पडली म्हणून. भांडायच्या तयारीत. मामांनी शांतपणे सांगितलं की आंब्याची कोवळी पालवी तांबूसच येते. तो लाल रंग कोवळ्या पानाला कडक उन्हापासून सांभाळतो असं मानतात, पान जून झालं की हिरवं होतं, पिंपळाचंही तसंच. गृहस्थ पटलं नाही असा चेहरा करून कलम घेऊन गेले.

बियांच्या स्टँडवर गुलबक्षीची पाकिटं बघून मात्र मला भरून आलं. आपल्या अंगणातली, कोणी पैसे देऊन घेत नाही अशी गुलबक्षी, पण कार्ल कोरेन्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये हिच्याच चितकबऱ्या पानांवर काम करून दाखवलं होतं की हिरव्या फांदीवरच्या फुलाचं बी हिरवी रोपं देतं, पांढऱ्या फांदीवरचं पांढरी, आणि चितकबऱ्या फांदीवरचं सगळी मिसळ, परागकण कुठल्या फांदीचे वापरले यानं काही फरक पडत नाही. म्हणजे हा गुण फक्त आईकडून येतो, कारण हरितद्रव्याच्या कणिका बीजांडातून येतात. पांढरी रोपं अर्थातच उगवून थोड्या दिवसात मरतात. तुमच्याकडे गुलबक्षीला चट्ट्यांची फांदी आली तर तिचंच बी राखून बघा, हे पाकीट दहा-वीस रुपयांचं आहे आणि त्या अल्बोपेक्षा जास्त मजा देईल.

बाकी सेवा वगैरे: पॅकिंग चांगलं, कुंडी कागदानं बांधून देतात. माती मात्र चिकट लाल, घरी नेऊन थोडे दिवसांनी कोकोपीट-गांडूळखत मिसळून बदलावी लागते. यूपीआय चालतं. होम डिलिव्हरी आहे पण निवड तेच करणार, त्यामुळे चितकबऱ्या झाडांसाठी अजिबात मागवू नका, स्वतः जाऊन खोड बघून घ्या. घरी आणल्यावर एखादी फांदी सगळी हिरवी यायला लागली तर माया न करता चितकबऱ्या पेरापर्यंत छाटा, हिरवी फांदी जोरात वाढते आणि बाकीच्यांना मागे टाकते. रोप मेलं तर बदलून देत नाहीत, रंग गेला तर नाहीच नाही.

शनिवार-रविवार गर्दी फार, पार्किंग रस्त्यावरच. सकाळी लवकर जा. आणि गुरुवारी मामांची सुट्टी असते, त्या दिवशी जाऊ नका, काउंटरवरचा मुलगा सगळ्यालाच इम्पोर्टेड म्हणतो.